मेजावरचा चुरा

मी, कीझाया ट्रँटर, कै. जोनास ट्रँटर यांची विधवा, राहणार हेरॉन कोर्ट, स्ट्रँडच्या मागची गल्ली, लंडन, धंदा व्यंगचित्रे छापून विकण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. जिना चढले की ती घरघरते, आणि डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात, त्यावरून मी काय ते समजले. कोणी माझा हात धरून हे लिहवून घेतलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणूनच खटपट झाली. माझे जावई मिस्टर ऑगस्टस पर्किस गेल्या रविवारी मटण चघळता चघळता म्हणाले, "सासूबाई, लेटी एकुलती एक वारस. कागदपत्रांचा उपद्व्याप कशाला?" तेव्हाच मी ठरवले की कागद हवाच.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र एकही नाही. माझ्यामागे हे एवढेच खरे धरावे.

कलम पहिले. मला माझा नवरा जोनास आणि मुलगा जॅबेझ यांच्या शेजारी पुरावे. पाद्रीबुवांना आवरते घ्यायला सांगावे, माझ्या नवऱ्याच्या वेळी त्यांनी पावसात आम्हा सगळ्यांना भिजवले होते. ज्यांनी आयुष्यभर माझी खिडकी बाहेरून पाहिली आणि एकही चित्र कधी विकत घेतले नाही, ते हमाल, मोलकरणी, पोस्टाचे लोक आले तर त्यांना पेटीमागे पुढच्या रांगेत चालू द्यावे. एके काळी मी त्यांना हाकलत असे. "काचेला नाकं लावू नका रे, पुसायला तुमची आई येणार आहे का?" असे ओरडत असे. पण मंत्री बदलला की आधी त्यांनाच कळायचे, आणि चित्र जमले की नाही हे मला दारातून त्यांच्या हसून हलणाऱ्या पाठी पाहून कळायचे.

कलम दुसरे. समोरच्या दुकानाचे मालक मिस्टर सेप्टिमस क्राउच यांस मी जॅबेझचा कोरीवकामाचा आरसा देते. आमच्या धंद्यात तांब्याच्या पत्र्यावर सगळे उलटे कोरावे लागते, तेव्हा ते कागदावर सुलटे उमटते. मिस्टर क्राउच आमचे चित्र सकाळी विकत नेत आणि संध्याकाळच्या आत नक्कल बाजारात आणत. घाईत ते आहे तसेच पत्र्यावर उतरवीत, म्हणून त्यांच्या दुकानातले सगळे सेनापती डावखुरे आणि सगळी घड्याळे मागे चालणारी. मी एकदा तोंडावर विचारले, तर म्हणाले, "कीझायाबाई, गिऱ्हाईक हसतंय ना? मग हात कुठलाही असो." आता त्यांनी आरसा वापरावा. नक्कल करायचीच तर निदान नीट करावी. पण ज्या एका चित्राची नक्कल करायला मी त्यांचे पाय धरले असते, त्याला त्यांनी हात लावला नाही, आणि हे मी त्यांना माफ केलेले नाही.

कलम तिसरे. वरच्या मजल्यावरची रंगाची खोली, म्हणजे गोल टेबल, खुर्च्या, रंगाच्या वाट्या, कुंचले आणि गठ्ठ्यांत उरलेला सगळा कोरा कागद, हे मी डॉर्कस पीबल हिला देते. ती अविवाहित आहे, तेव्हा तिला दिलेले तिचेच राहील. चित्रे छापून आली की या टेबलाभोवती बायका बसत. एक फक्त लाल लावी, दुसरी निळा, तिसरी चेहऱ्यांचा रंग, आणि कागद हातोहात फिरे. लाल डॉर्कसकडे. "राजेसाहेबांचं नाक अजून रंगव गं, काल रात्री मेजवानी होती," असे कोणी म्हणे, आणि सगळ्यांचे हात हसण्याने हलत, मग मी खालून झाडू आपटे.

डॉर्कस माझी सून व्हायची होती. जॅबेझचे आणि तिचे पटत नसे असे नाही, पण भांडल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. माझा मुलगा संत नव्हता. आपल्या हातांचा त्याला फार गर्व, जिन प्यायला की तो आणखी वाढे, आणि उधळेपणात तो बापावर गेला होता. पण उत्तरेकडे हॅलबीच्या मैदानात, भाकरी स्वस्त करा आणि आम्हालाही मत द्या एवढे मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातले, त्याची बातमी आली, तेव्हापासून त्याने दारूला हात लावला नाही. तो पत्र्यावर वाकला तो चित्र संपल्यावरच उठला. मग वर जाऊन डॉर्कसला म्हणाला, "या चित्रात लाल एकाच जागी."

"एकाच? मग मी काय माशा मारू?"

"जागा तर ऐक." त्याने बोट ठेवून दाखवले. डॉर्कसने कुंचला खाली ठेवला. ती जागा कोणती ते मी सहाव्या कलमात लिहिते.

चित्र मी आतून खिडकीच्या मधल्या काचेला चिकटवले. बाहेरची माणसे आधी हसली आणि मग गप्प झाली. कोणी निघून जाईना. मी दाराशी उभी राहून ते पाहिले.

दुपारी शिपाई आले. चित्र काचेला चिकटलेले म्हणून त्यांनी काचच फोडली. छापलेले सगळे कागद गोळा केले, गिऱ्हाइकांकडे गेलेलेही पुढे शोधून शोधून नेले. "पत्रा कुठला?" हवालदाराने विचारले. जॅबेझ म्हणाला, "त्याच्यावर लिहिलंय की, वाचून घ्या." आता पत्र्यावरचे उलटे अक्षर वाचायला आमच्या धंद्यात जन्म जावा लागतो. हवालदाराने ज्यावर जास्तीत जास्त मजकूर होता तो उचलला, खिळ्याने त्यावर आडव्या उभ्या रेघा ओढून तो बाद केला आणि मोठ्या रुबाबात बरोबर नेला. ती कोपऱ्यावरच्या शवपेटीवाल्याची मयताची निमंत्रणपत्रिका होती. तो दुसऱ्या दिवशी धापा टाकत आला, "बाई, माझं मयत उद्यावर आलंय, पत्रिका कुठायत?" मी म्हटले, "सरकारजमा." त्या दिवसांत मी हसले ते तेवढेच. जॅबेझला ते घेऊन गेले होते.

कलम चौथे. तळमजल्यावरचे छापयंत्र, त्याचे मोठे लाटे, जाड कांबळी आणि शाईच्या हंड्यांसह, मी एनॉक बॅजर यांस देते, आणि त्यांनाच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. जोनासच्या वेळेपासून आमचे प्रत्येक चित्र याच माणसाने छापले. मृत्युपत्र कचेरीत नोंदवून झाल्याशिवाय त्यांनी यंत्राला हात लावू नये. एवढी अट मी मुद्दाम घालते, कारण एनॉक कागदोपत्री कामाला फार आळशी आहेत.

त्या वर्षी सरकारने असा कायदा केला होता की माणसाला खटल्याशिवाय कितीही दिवस तुरुंगात ठेवता यावे. मी रोज विचारायला जायची. शेवटी सरकारी वकील स्वतः दुकानात आला. सभ्य माणूस, टोपी हातात धरून उभा होता.

"बाई, अडचण तुमची नाही, आमची आहे," तो म्हणाला. "चित्रावर खटला करायचा तर आरोपपत्रात त्याचं वर्णन करावं लागतं, अगदी बारीकसारीक. ते भर कोर्टात मोठ्यानं वाचावं लागतं. आणि चित्रात नाव तर कुणाचंच नाही. म्हणजे ज्यांचं ते चित्र आहे त्या बड्या साहेबांना उभं राहून सांगावं लागणार, की हा मीच."

"मग सांगू देत."

"आणि ज्यूरी हसली तर?"

"शेवटपर्यंत नाही हसणार," मी म्हटले. त्याला कळले. चित्र त्यानेही पाहिले होते. तो टोपी घालून गेला आणि खटल्याची तारीख कधीच लागली नाही.

मी जॅबेझला तुरुंगाच्या गजांतून म्हटले, "चूक झाली असं लिहून दे आणि घरी चल."

तो म्हणाला, "आई, मला सोडवू नकोस. मला कोर्टात ने. कागद ते विकत घेतील, पत्राही घेतील. पण एकदा ते कोर्टात वाचलं गेलं, दप्तरात लिहिलं गेलं, की मग ते कुणाला विकत घेता येत नाही."

"तुझी छाती वाजतेय रे."

"तुझीही वाजते. आपल्याकडं सगळ्यांचीच वाजते. तू फक्त तारीख विचारत राहा."

मी विचारत राहिले. वसंतात तुरुंगात ताप आला आणि त्यात तो गेला. त्याच्यावर कधी खटला झाला नाही, म्हणून तो दोषीही ठरला नाही आणि निर्दोषही नाही. मी आई आहे. मला याचा राग आहे, तो अजून निवलेला नाही, आणि मरताना तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

अंत्यविधी झाल्यावर मी पत्रा बाहेर काढला, तर मॅजिस्ट्रेटने बोलावून माझ्याकडून मुचलका लिहून घेतला: ते चित्र मी हयात असेतो छापणार नाही, दाखवणार नाही, विकणार नाही, कोणाला देणार नाही. जामीन हवा होता. एनॉक पुढे झाले आणि आपले घर तारण लिहून दिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही छापायचं म्हणालात तर मी आत्ता यंत्र फिरवतो. घर गेलं तर गेलं. फक्त आमच्या मंडळींना ते तुम्ही सांगा, माझ्यात तेवढी हिंमत नाही." मार्था बॅजर कोपऱ्यावर हातात टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांचे तोंड पाहिले आणि मी मुचलका पाळला. आजपर्यंत पाळला. पत्रा सरसाच्या भांड्याखाली पालथा पडून आहे.

फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच अमॉस टायडी यांनी बसवली. ते पलीकडच्या वस्तीतले, त्यांना त्या दिवशी चित्र पाहायला मिळाले नव्हते. कधीही आले की विचारतात, "बाई, काय होतं हो त्या काचेवर?" मी सांगते, "काच होती."

कलम पाचवे. आता लेटी. माझी मुलगी लेटिस पर्किस हिला काय द्यावे हे ठरवताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आपल्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला दिलेली वस्तू नवऱ्याची होते. लेटीला चमचा दिला तरी तो ऑगस्टसचा. आणि ऑगस्टस यांना त्याच बड्या साहेबांच्या कचेरीत जागा हवी आहे. मला ताप असताना ते सरसाचे भांडे उचलून पाहत होते, हे मी डोळे मिटल्याचे सोंग करून पाहिले.

लेटी माझ्याजवळ बसली होती. हळूच म्हणाली, "आई, तुझ्यामागं तो पत्रा हे साहेबांना नेऊन देतील. मला नाही अडवता येणार."

"अडवू नकोस."

"तो जॅबेझचा आहे गं."

"माहीत आहे मला. तरी अडवू नकोस. तुला त्यांच्याबरोबर राहायचंय."

डॉर्कस वरून ऐकत होती. खाली येऊन म्हणाली, "मला द्या पत्रा. तुमच्यामागं मुचलकाही नाही आणि बॅजरकाकांचा जामीनही नाही. मी छापते."

"आणि तुला नेलं म्हणजे?"

"नेऊ देत."

"नाही," मी म्हटले. "त्या चित्रापायी एक माणूस गेलं, तेवढं पुरे." ती रागावून वर गेली आणि दिवसभर वाट्या आपटत राहिली. डॉर्कस, मी तुला का दिला नाही ते तुला पुढचे कलम वाचून कळेल.

म्हणून दुकानाचा भाडेपट्टा, उरलेला सगळा माल आणि सरसाच्या भांड्याखालचा तांब्याचा पत्रा हे सर्व मी उघडपणे माझे जावई मिस्टर ऑगस्टस पर्किस यांना देते. त्यांनी पत्रा ज्यांना द्यायचा त्यांना खुशाल द्यावा. जागा मिळाली तर मला समाधानच आहे, माझी मुलगी तरी नीट जेवेल. अट एकच. हे मृत्युपत्र शेवटच्या शब्दापर्यंत, एकही कलम न गाळता, कचेरीत नोंदवले जावे. त्यांनी त्यातले काही वगळण्याचा, दडवण्याचा किंवा त्यावर वाद घालण्याचा प्रयत्न केला, तर त्यांना दिलेले सगळे डॉर्कस पीबल हिला जावे. याची दुसरी प्रत एनॉक यांच्याजवळ आहे, ती जाळून उपयोग नाही, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

लेटीला मी स्वयंपाकघराचे दार देते. त्याच्या आतल्या बाजूला जॅबेझने लहानपणी खडूने मला म्हाताऱ्या मांजरीच्या रूपात काढले आहे, शेपटीसकट. मी ते कधी पुसू दिले नाही. बिजागऱ्यांतून काढून न्यावे. ऑगस्टस, तुम्ही त्याचा मोबदला विचारू नये, ते दार वाळवीने खाल्लेले आहे.

कलम सहावे. सर्वांना माहीत आहे की मृत्युपत्र चर्चच्या धर्मपीठाकडे नोंदवले की तिथल्या कचेरीतला कारकून ते शब्दन् शब्द मोठ्या बुकात उतरवतो. ते बुक कायमचे दप्तरी राहते. फी भरून कोणालाही ते वाचता येते, आणि त्यातले पान फाडणे गुन्हा आहे. मुचलक्यात मी मेल्यानंतर काय करू नये याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून, माझा मुलगा जॅबेझ याने जे चित्र काढले, ते मी माझ्या मालमत्तेचा भाग म्हणून येथे लिहून ठेवते. डावे-उजवे कागदावर दिसते तसे लिहिले आहे, पत्र्यावर ते उलट आहे.

एक मोठे गृहस्थ न्याहारीच्या मेजापाशी बसले आहेत. हनुवटीवर डाव्या बाजूला मोठा मस. संधिवाताचा पाय उशीवर, आणि उशीच्या उसवलेल्या शिवणीतून लोकांचे अर्ज बाहेर आले आहेत, कोणाचेच उघडलेले नाहीत. पायाशी एका कानाचा कुत्रा. गळ्याशी रुमाल, त्यावर अंड्याचा डाग. इथपर्यंत हसू येते. जॅबेझने ते तसेच ठेवले होते.

मेजावरचे कापड म्हणजे एक मैदान आहे. त्याच्या सुरकुत्या म्हणजे बांध आणि रस्ते. त्यावर पावाचा चुरा सांडला आहे. जवळ जाऊन पाहिले तर तो चुरा नव्हे, माणसे आहेत. एकाने कागद उंच धरला आहे. एका बाईने मूल पोटाशी घेऊन त्याच्यावर पाठ वाकवली आहे. एक म्हातारा टोपी काढून उभा आहे, कारण आपल्यापुढे मोठी माणसे आली आहेत असे त्याला वाटले. उजवीकडून एक नोकर ब्रश घेऊन वाकतो आहे, आणि त्या ब्रशाचे केस म्हणजे उपसलेल्या तलवारी आहेत. गृहस्थ नोकराकडे पाहतसुद्धा नाहीत. त्यांच्या तोंडून निघालेले शब्द असे: "चुरा फार सांडतो हा. झाडून टाक."

गृहस्थांच्या हातात तोंडाकडे नेलेला चमचा आहे. चमच्यात मुरंबा. सबंध चित्रात लाल रंग तेवढ्या चमच्यात आहे.

खाली मधोमध चित्राचे नाव: "न्याहारी". उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: "जॅबेझ ट्रँटर याने कल्पिले व कोरले." कारकुनाने ही ओळ गाळू नये.

हे गृहस्थ कोण ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला हे आपणच असे वाटले, तर त्यांनी कोर्टात यावे, उभे राहावे आणि तसे सांगावे. माझ्या मुलाने त्यांची पुष्कळ दिवस वाट पाहिली.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिले आणि साक्षीदारांसमोर स्वतः मोठ्याने वाचून दाखवले. मध्ये दम लागला म्हणून दोनदा थांबले, मजकूर गाळला नाही.

हेरॉन कोर्ट, लंडन. ता. ११ नोव्हेंबर १८२२.

सही: कीझाया ट्रँटर

साक्षीदार: प्रूडन्स लॉव्हेट, पाववाली, हेरॉन कोर्ट. मला लिहिता येत नाही, म्हणून फुली केली आहे. बाईंनी सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार: अमॉस टायडी, काचा बसवणारा. बाईंनी सही माझ्यासमोर केली. ते चित्र मी कधी पाहिले नव्हते. आता पाहिले आहे.